नवा आलेला

ओस्त्रावाहून कुठूनही निघा,
समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर.
आमच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र तो आहे,
साडेतीनशे लिटर.
जमिनीला भार पेलेल का, हे व्लास्तिमिलनं
कुणालाच विचारलं नव्हतं.

शनिवारी तो पिशवी घेऊन आला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, कोटाच्या आत धरून.
पांढरा मासा, अंगावर केशरी पट्टे,
आणि तोंड? घड्याळजीचा चिमटाच.

पिशवी बादलीत ओतली. बारीक नळीला गाठ मारली.
सेकंदाला दोन थेंब,
टाकीतलं पाणी त्याच्या पाण्यात.
दीड तास हा स्टुलावर थेंब मोजत बसला,
ज्यानं माझ्या आईच्या औषधाचे थेंब
एकदाही धड मोजले नव्हते.

दुकानाचं पाणी टाकीत जाता कामा नये.
जाळीतून नुसता मासा गेला,
आणि थेट दगडामागे.

दिवे नकोत, तो म्हणाला. रेडिओही नको.
मी अंधारात बटाटे सोलले.

रविवारी काही नाही.
सोमवारी लसणाच्या रसात भिजवलेली बारीक कोळंबी,
माझ्या कॉफीच्या कपात.
घास त्याच्या तोंडासमोरून तरंगत गेला;
त्यानं पाहिला, आणि जाऊ दिला.
जुन्या जोकर माशांनी मात्र सगळं फस्त करून
काचेवर धडका दिल्या.
तळाशी बसलेलं उष्टं नळीनं ओढताना
व्लास्तिमिलच्या तोंडात घोटभर खारं पाणी गेलं.
बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा.

रात्री उशीवरून तो म्हणाला,
खाणीत नवा पोरगा पिंजऱ्यातून पहिल्यांदा खाली आला ना,
की पहिली पाळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.
त्यानं डबा उघडला की आपण दुसरीकडे बघायचं.
घास उतरत नाही गं तिथे,
वरती सहाशे मीटर दगड.
मग एके दिवशी तो आपणहून मीठ मागतो.

सगळेच मागतात?

यिंद्रा नाही मागायचा. सात दिवस डबा तसाच परत नेला.
आठव्या दिवशी आलाच नाही.
मग थोडं थांबून:
ब्रनोला बस चालवतो आता. चांगला जाडजूड झालाय.

आठव्या दिवशी मी बाजारातून आले
तर घरात दिवा नव्हता.
व्लास्तिमिल टाकीकडे पाठ करून बसला होता,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून,
जणू फेब्रुवारीत काहीतरी लिहिलंय.
हात कोपरापर्यंत ओला.
त्याच्यामागे, दगडांच्या फटीत,
अर्धा उघडा शिंपला,
आणि चिमटा आत जात होता,
बाहेर येत होता,
आत जात होता.

मीही पाहिलं नाही.
स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजमधलं पाकीट काढलं,
संध्याकाळच्या सूपसाठी मोजले:
अकरा.
पाकिटावर बारा लिहिलं होतं.