बेबी ऑफ हेमांगी

मनगटावरच्या पट्टीत एवढंच: बेबी ऑफ हेमांगी तांडेल.
वजन दोन किलो शंभर.
टोपडं भुवयांपर्यंत ओढलेलं,
कारण भुवयांच्या वर
त्याचं काही नव्हतंच.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं होतं.
ती म्हणाली, ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.
आणि चार महिने वरळीच्या बाजारात
पोटाला पाटाची कड लागू न देता
बोंबील साफ करत राहिली.

मी समाजसेविका, खोली नंबर नऊ, परळ.
लोकांना विचारते, द्याल का?
नाही म्हणणाऱ्यांना समजवायचं प्रशिक्षण झालंय माझं.
हो म्हणणारीला परत कसं पाठवायचं
ते कुणी शिकवलं नाही.

डॉक्टर कॉन्ट्रॅक्टर चष्मा पुसत राहिले.
"आधी मेंदू मेला असं लिहावं लागतं.
जो आलाच नाही, तो गेला असं कसं लिहू?
आणि श्वास घेतोय तो. स्वतःचा स्वतः."
"श्वास थांबल्यावर घ्या."
"तोवर आतलं काही कामाचं उरत नाही, बाई."

हे तिला लगेच समजलं.
म्हणाली, म्हणजे बर्फ उशिरा पडतो.
आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

"एक रेघ आहे," डॉक्टर म्हणाले,
"आज याच्यासाठी सरकवली
तर उद्या कुणाकुणावरून जाईल, भीती वाटते मला."
"भरतीची रेघ आमच्याकडं रोज सरकते, डॉक्टर.
घरं तितंच ऱ्हातात."

तिसऱ्या मजल्यावर अकरा दिवसांची एक मुलगी होती,
यादीत नाव असलेली.
हेमांगीला ते माहीत नव्हतं. मला होतं.
सांगितलं असतं तर दबाव.
नाही सांगितलं,
त्याला काय म्हणतात?

सासू सबंध दिवसात एकदाच बोलली:
त्याला इचारलं का कुणी?
आणि बोट पुढे केलं.
त्यानं ते धरलं, घट्ट.
पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.
म्हातारी बोट सोडवून घेईना.

एकतीस तास.
पहाटे चार दहाला मी वेळ लिहिली,
हेमांगीचा नवरा तेव्हा जिन्यात उभा होता,
घड्याळ काढून खिशात टाकलेला.

अर्ज बाद झाला. फाडायला हवा होता.
दात्याचं नाव या रकान्यात
तिनं पट्टीवर नसलेलं एक नाव लिहिलंय,
ते मी वाचलं, आणि खण बंद केला.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं.
ते मात्र घेतलं आम्ही. त्याला सही पुरली.
साठ मिली, मग चाळीस.
बाटलीचं झाकण लावताना तिनं विचारलं,
बर्फात ठेवता?
हो.
लगेच?
लगेच, म्हटलं.