काळा धागा

तीन महिने मी रात्री फियाटखाली
पेपर पसरत होते.
सकाळी ठरलेला डाग, चार आण्याएवढा,
बहुतेक वेळा निधनवार्तांच्या पानावर.
एका कामतांचं वर्षश्राद्ध तर वाचताच आलं नाही.

मडगावच्या गॅरेजने ऑइल संपचं गॅस्केट बदललं,
मग टॅपेट कव्हरचं, मग म्हणाले,
मागचं सील, बाई. इंजिन उतरवावं लागेल.
मी आकडा ऐकला
आणि वाटेत एक लिटर ओतून
गाडी कुडचड्याला परत आणली.

कायतान म्हणाला, पडतं तिथे गळत नसतं.
नंतर तासभर बोलला नाही.
रॉकेलने इंजिन धुतलं, पुसलं, सुकू दिलं;
खनिजाचे ट्रक जात होते तेवढा वेळ
वर गोणपाट धरलं.
मग टाल्कमचा डबा आणला, नातवाचा, ससा असलेला,
आणि पावडर भुरभुरवली सगळीकडे,
जणू आंघोळ झाली होती कुणाची.

पूल ओलांडून सावर्डे, तिथून परत.
बॉनेट वर. विजेरी तिरकी.

पांढऱ्यावर एक काळा धागा,
डिस्ट्रिब्युटरच्या मागून निघालेला,
ब्लॉकला धरून मागे, खाली,
सीलपाशी पोचून थेंब झालेला.
वरच्या टोकाला अंगठ्याएवढा स्विच:
तेलाचा दाब उतरला की लाल दिवा लावणं
एवढंच त्याचं काम.
तोच पाझरत होता.

"पळय," कायतान म्हणाला,
आणि स्विचचे पैसे सांगितले.
पावडरचे नाही.

पेपर मी अजून पसरते.
सकाळी कोरडा उचलते, वाचते.
कोण कोण गेलं ते
आता नीट कळतं.