ओव्हर

सकाळी आठला मी ओव्हर देते, ती घेते.
कधी ती देते, मी घेते.
अठ्ठावीस बेड, बाकी गाद्या जमिनीवर.
एवढंच बोलणं उरलंय, अकरा महिने झाले.
"सातची सलाईन चालू. बाराचा कॅथेटर उद्या बदलायचा.
एकोणीसला कुणी नाही,
चपाती दुधात भिजवून भरवावी लागते."
ती मान हलवते, कपाटाची किल्ली उचलते
माझ्या तळव्याला बोट न लावता.
किल्ली अशीही घेता येते
हे ट्रेनिंगच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

झालं ते असं.
गौरी जेवायच्या रात्री तिची रजा नामंजूर.
घरी दिव्यात सासू एकटी सूप सजवत बसलेली,
इथे ऐरोलीत ही एकटी.
सकाळी मी आले तर चारच्या चार्टवर
एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी,
एकाच पेनानं, एकाच दमात.
मी दंडाला पट्टा बांधला. पारा नव्वदपर्यंत उतरला
तेव्हा कुठे नाडीचा पहिला ठोका ऐकू आला.

बाई वाचली.
मी रिपोर्ट बुकात लिहिलं.
मेमो आला, तिची वेतनवाढ थांबली.

साळगावकर सिस्टर म्हणाल्या,
बाजूला घेऊन बोलली असतीस तर?
युनियनवाले म्हणाले, आपल्याच माणसाला?
मामा चहा आणायचे, तो आता दोन ट्रेमध्ये येऊ लागला.
मी कुणाला उत्तर दिलं नाही.
चारची बाई दगडखाणीत खडी फोडायची,
तिचा दंड माझ्या मनगटाएवढा होता,
हे उत्तर होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती.
त्या रात्री पेशंट चाळीस होते आणि नर्स एक.
त्याला चार्टवर रकाना नाही, म्हणून.
निदान मी स्वतःला तसं सांगत आले.

आज बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं
तोच फोन वाजला.
नाव अजून "दमू" असंच.
"बावीसची सहाची अँटिबायोटिक," ती म्हणाली.
"सही तुझी आहे. पण कपाटात एक बाटली जास्त भरतेय."

रबाळे गेलं.
म्हणता आलं असतं, स्टोअरनं जादा दिली असेल.
म्हणता आलं असतं, पुन्हा मोज.
तिनं दोनदा मोजल्याशिवाय फोन केला नसणार,
तेवढं मी तिला ओळखते.
घणसोली आली.

"नाही दिली," मी म्हणाले.
"सही केली, तेवढ्यात सव्वीसची बाई बाथरूमपाशी पडली.
मग राहूनच गेलं."

"डॉक्टरांना विचारून आत्ता देते."
मग थोडं थांबून,
"लिहावं लागेल."

"लिही."

मागे ड्रेसिंगची ट्रॉली कुरकुरत होती,
तिच्या डाव्या चाकात तेल घालायचं
आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं, कधीतरी.

"रात्री किती होत्या?"
"एकेचाळीस."
"आणि तू?"
"मी एक."

"तेही लिहिते."
"रकाना नाही त्याला."
"समास आहे ना," ती म्हणाली
आणि फोन ठेवला. नेहमीसारखा, तोडून.

आता मेमो येईल. यायलाच हवा.
साळगावकर सिस्टर चष्मा पुसतील,
कुणीतरी म्हणेल, बघ, फिटली.
त्यांना काय सांगणार,
फिटायला हे उसनं नव्हतं.

कोपरखैरणे मागे राहिलं होतं.
तुर्भ्याला उतरले, उलट्या दिशेची बस शोधत.
ऊन चढलं होतं. पायांकडे पाहिलं तर
वॉर्डातल्याच निळ्या रबरी चपला,
आणि डाव्या अंगठ्यावर
रात्रीच्या बेटाडिनचा सुकलेला थेंब.