राखण

महापेची रात्रपाळी सहाला सुटते.
सरळ घरी गेलो तर मुलगी झोपलेली असते,
उशिरा गेलो तर शाळेच्या रिक्षात बसलेली.
मधल्या वेळात वाकळणचं तळं.

वेळूची काठी, सात नंबरची गरी,
जुन्या स्लिपरच्या टाचेतून कापलेला तरंगा.
डब्याच्या वरच्या कप्प्यात बडीशेप घालून मळलेली कणीक,
खालच्या कप्प्यात रात्रीची उरलेली पोळी.
एकदा गोंधळ झाला, चिलापीला पोळीच आवडली.

श्रावण लागला की काठ रिकामा.
ठेकेदाराचा पोरगासुद्धा पावती फाडायला येत नाही.
फक्त फशीबाई, भेंडीच्या झाडाखाली,
पायाच्या अंगठ्यात पाग अडकवून
उंदरांनी पाडलेली भोकं सांधत.
‘महिनाभर नाय लागायचा. म्हनून आताच.’

त्या दिवशी कमळाच्या पानांपलीकडे
ताटलीएवढं पाणी लाल झालं.
उकळत होतं, पण आवाज नाही.
मसूर सांडावी
आणि तिला पोहता यावं, तसं.

मला ठाऊक होतं ते काय.
पिलांच्या खाली मरळ असते.
गरी पुंजक्यात सोडायची.
ती खायला येत नाही,
हाकलायला येते.

आली.
काठी अशी वाकली की खांद्यातलं जुनं दुखणं जागं झालं.
दोन किलो तरी. चिखलात आपटत होती,
सापाचं डोकं, डोळ्यांत काहीच नाही.

मी म्हटलं, आई होती.
फशीबाईने वर न बघता दोरा दातांनी तोडला.
‘बापूस हाय तो. आईस कवाच गेली.’

सोडला त्याला.
पण गरी घशापर्यंत गेलेली,
काढताना नुसती गरी नाही निघाली.
पाण्यात थोडा आडवा गेला,
मग पांढरं पोट वर.

पुंजका तिथल्या तिथे फिरत होता.
चिलाप्या आल्या कडेकडेने,
आमंत्रण नसलेल्या लग्नात शिरावं तशा, सावकाश.
मसूर कमी व्हायला लागली.

‘आता बस,’ फशीबाई म्हणाली.
‘आठ दिस तरी. हाकल त्यांना.
नायतर त्याला उचललास कशाला?’
रागावून नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

मी काठी उलटी धरली.
जाड टोकाने पाणी मारत राहिलो.
फट्. थांबायचं. फट्.
फोन दोनदा वाजला, घरचा.
फशीबाईची बिडी पेटली, विझली, पुन्हा पेटली.
शीळच्या बाजूला कुठेतरी क्रेन
एकच खांब उचलून धरून उभी होती.

पुंजका वाटीएवढा उरला.
श्वासाला सगळी एकदम वर येत,
ठिणगी उडावी तशी,
आणि खाली जाताना
माझ्या काठीच्या सावलीत शिरत.

हात भरून आला.
काठी तशीच धरली.

फशीबाई पाग गुंडाळून उठली,
पदराने गुडघ्याचा चिखल पुसला.
‘उद्या लवकर ये,’ म्हणाली.
‘सकालचे पारी जास्त येतात.’