कट, कट, कट

फळ्यावर लिहिलं : कट, कट, कट.
म्हटलं, ह्या क्रियापदाला काळाचं काही नाही,
आज, काल, होऊन गेलेलं, तिन्ही सारखंच.

मिसळीच्या गाड्यावरची पारू हसली,
"बाई, आमच्यात त्यो वाढत्यात."
जोतिरामनं परवा दसरा चौकात केएमटीला मारला,
अजून लंगडतोय.
कुणाच्या पगारातनं झाला.
कुणाचा फोन. बोलता बोलता.

सातपुते मामा गप्प.
सुभाषनगरात चाळीस वर्षं चामडं कापतायत,
नातीच्या शाळेत सही इंग्रजीत करायची म्हणून येतात,
खिशात रापी तशीच.

डावा हात उघडून माझ्यापुढं धरला.
"ह्यो कालचा.
ह्यो कापशी करताना, पोरगी झाली त्या सालचा.
आन् ह्यो..."
त्यावर अंगठा ठेवला, पुढं बोलले नाहीत.

"इंग्रजीत कळतं कसं वो, कुठला कधीचा?"

वाक्यावरनं, मी म्हटलं.
मागंपुढं काय आहे ते बघायचं.

त्यांनी मूठ मिटली.
"मग बरोबर हाय," म्हणाले,
आणि वहीत,
रेघ सोडून खाली घसरणाऱ्या अक्षरांत,
एकदाच लिहिलं.