बैठक

गंगावऱ्ह्याच्या काठाला दोन बोटी बांधलेल्या.
दोन्ही विकाऊ, दोन्हींवर पौषातलं दव.
बेंडकोळी म्हणाला, "बघा निवांत, साहेब,
पाणी काही कुठं पळत नाही.
एप्रिलात पळतं,"
आणि आपलं आपणच हसला.

एकतीस वर्षं मी सातपूरला वेल्डिंग तपासलं.
सवयीनं आधी खालीच वाकलो.
पहिलीला दोन नळे, अ‍ॅल्युमिनियमचे,
शिवण सरळ, हात बसलेल्या माणसाची.
दुसरीला तीन. मधल्यावर
तळहाताएवढं ठिगळ.
खिशातला रुपया काढून ठोकून पाहिलं.
पहिली घुमली रिकाम्या हंड्यासारखी.
दुसरी जरा जड बोलली,
आत थोडं पाणी असावं,
किंवा वय.

कुमुदनं तोवर वहीत दोन रकाने आखले होते.
किंमत. इंजिन. छप्पर कापडी की पत्र्याचं.
मावणारी माणसं: इकडे दहा, तिकडे दहा.
मग ती बोटांवर मोजायला लागली.
आपण चौघं, दादाकडचे तिघं,
शैलाताई, भावोजी, त्यांची आई.
झाले की दहा, म्हणाली,
आणि पेन कागदावर तसंच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत.

फरक खरा बाकांचा.
पहिलीत ते एकामागे एक, एसटीसारखे.
सगळ्यांची तोंडं धरणाच्या भिंतीकडे.
ज्याच्याशी बोलायचं नाही
त्याची फार तर पाठ दिसणार,
आणि पाठीशी कुणाचं काय भांडण?

दुसरीत गादीचे बाक, कडेकडेनं, वळून आलेले.
मधे टेबल, त्याला पेल्यांसाठी चार भोकं.
तिथं कुठंही बसा,
समोर माणूस येतोच.

मखमलाबादचा प्लॉट विकल्यापासून
दादा आणि शैलाताई
लग्नकार्यातसुद्धा एका पंगतीला बसत नाहीत.
भाच्याच्या साखरपुड्यात मीच दोघांमधे जिलबी फिरवत होतो,
पंच असल्यासारखा.
आणि ही बोट घ्यायची ती
त्याच प्लॉटच्या माझ्या वाट्यातून.

मनात मी पहिलीचा सौदा करून टाकला होता.
हलकी, स्वस्त, नजर लागावी अशी शिवण.
दहाजण गुमान पुढे बघत जातील,
करकोचे बघतील, परत येतील,
फोटोत सगळे असतील.

जाता जाता सहज विचारलं,
ही तीन नळ्यांची का काढली मालकानं?
"भांडले की," बेंडकोळी म्हणाला,
"त्या टेबलावरच. चहा सांडला, बाया रडल्या,
एक जण तर म्हणला मला इथंच उतरवा,
चौफेर पाणी!
तरी बारा वर्षं येत होते दर दिवाळीला.
म्हातारा गेला, मग थांबलं."

आणि ही?
त्यानं पहिलीच्या दोरीला उगाच एक झटका दिला.
"ही नवीच आहे म्हणा ना.
एकदा आले सगळे.
दुसऱ्यांदा कुणी आलंच नाही."

वाऱ्यानं दोन्ही बोटी एकमेकींना घासल्या.
कुमुद माझ्याकडे बघत नव्हती,
वहीकडेही नाही.

ठिगळ मी पुन्हा हातानं चाचपलं.
काम कच्चं होतं. घाईत, थंडीत केलेलं.
तासाभराचं काम आहे, म्हटलं,
पण पत्रा पलीकडून धरायला
कुणीतरी लागेल.
"दादांचा हात स्थिर आहे," कुमुद म्हणाली.
"आणि गॅस सिलिंडर
भावोजींच्या दुकानातच मिळेल."

मी बोटीवर चढलो. ती एका अंगाला कलली,
सावरली.
टेबलाच्या एका भोकात
तो रुपया ठेवला.
"हा काय?" बेंडकोळीनं विचारलं.
विसार, म्हटलं.
बाकीचे रविवारी.