सुगंधाबाईचं नाक

माहुलच्या मालगाडीच्या रुळांलगत
आमची चौदा घरं.
रात्री पावणेदोनला टाक्या जातात,
पांढऱ्या, पोटाशी गंजलेल्या,
नारिंगी पाटीवर आकडा : १००५.
फरझानानं शाळेत सरांना विचारलं.
अमोनिया, सर म्हणाले.
आणि मग : तू कुठं पाहिलास?

साहेब एकदा पत्रकं वाटून गेले.
वास आला तर ओलं फडकं नाकाला,
वाऱ्याच्या उलट चाला.
उलट म्हणजे रूळ ओलांडून
कंपनीच्या भिंतीपर्यंत.
भिंतीला दार आहे का, देवजीनं विचारलं.
साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून वास घ्यायचं काम सुगंधाबाईकडे.
टोपलीभर सुकटीतला एक नासका जवळा
दारातून ओळखणारी बाई.
गाडी सिग्नलला थांबली
की कुणीतरी खिडकीतून हाक देतं :
मावशी, काही आहे का?
काही नाही, झोपा.
आम्ही झोपतो.

काल तिच्या शेगडीवर दूध करपलं,
पातेलं काळं होईस्तोवर.
ती शेजारीच लसूण सोलत बसलेली.
मी गॅस बंद केला
तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं.
तापात गेलं गं, म्हणाली. दिवाळीपासून.
कुणाला बोलू नकोस. पोरं झोपतात.

आज गाडी थांबली.
सत्तावीस टाक्या मोजल्या मी.
खिडकीतून हाक आली : मावशी?
अंधारातून तिनं नेहमीचंच उत्तर दिलं.

मी उठले,
आणि बादलीत फडकी भिजत घातली.
चौदा घरांची.